सिरक्याची बॅच

रविवारी सकाळी सव्वासात वाजता, लातूरच्या औसा रोडवरील एका मंगल कार्यालयात, भरगच्च गर्दीच्या देखत गुरुपादप्पांची रक्तातली साखर तीनशे बारावरून एकशे अडतीसवर आली. मधे गेली दहा-बारा मिनिटं आणि सफरचंदाच्या सिरक्याचा, म्हणजे व्हिनेगरचा, एक पेला.

टाळ्या थांबेनात. मंचावर व्यंकटगुरुजी हात जोडून उभे होते. मागे फलक होता, बारावीच्या निकालानंतर लातूरभर लागतात तसाच. फोटो, खाली नाव, नावाखाली आकडे. फक्त गुणांच्या जागी साखर. असे फलक बघून किनवटची, देवणीची माणसं पोरांना घेऊन या शहरात खोल्या भाड्यानं घेतात. फलकावर शंका घ्यायची इथं कुणाला सवय नव्हती.

"डॉक्टर काय म्हणतो? जन्मभर सुई टोचा," गुरुजी सांगत होते. "तुमची सुई सुटली तर त्याचं दुकान कसं चालणार? आमची बॅच चाळीस दिवसांची. सुई बंद, गोळी बंद, साखर मोजायचं मशीन पण बंद. रोज रोप उपटून मुळं बघितली तर रोप जगंल का? चाळिसाव्या दिवशी इथंच मोजू. वजन घटलं की समजा, सिरका लागू पडला. रिझल्टची जबाबदारी माझी."

मागच्या रांगेत बसलेले जलीलसर खासगी क्लासमध्ये रसायनशास्त्र शिकवत. गुरुपादप्पांच्या मेसमध्ये ते कित्येक वर्षं जेवत होते आणि आज आप्पांनीच त्यांना ओढून आणलं होतं. आप्पा किल्लारीकडचे. भूकंपात भिंत पायावर पडली, पुढचे कित्येक महिने सोलापूरच्या दवाखान्यात गेले. तेव्हापासून सुई दिसली की ते तोंड भिंतीकडे फिरवत. पुढे साखर निघाली, इन्सुलिन लागलं. बायको कस्तुराबाई दोन्ही वेळा टोचायची आणि आप्पा दोन्ही वेळा डोळे मिटून घ्यायचे.

"बघितलं ना सर?" बाहेर आल्यावर आप्पा म्हणाले. "आता सुईला रामराम."

"आप्पा, पोटात गेलेला सिरका एवढ्या वेळात एवढं काही करू शकत नाही. जेवणानंतरची साखर जरा कमी चढू देत असेल, काही लोकांत, थोडीशी. इन्सुलिनची जागा तो घेत नाही."

"तुमी केमिस्ट्री शिकवा. आमी बरं होतो."

तिसऱ्या आठवड्यात आप्पांच्या पँटचा पट्टा सैल झाला. मेसमध्ये येईल त्याला ते पट्टा ओढून दाखवत. गाल बसले होते. वाढता वाढता ते तांब्याभर पाणी पीत, मग मोरीकडे जात, परत येऊन पुन्हा पाणी पीत.

जलीलसरांना त्या सकाळचा क्रम स्वस्थ बसू देत नव्हता. दारातच प्रत्येकाच्या उजव्या हातावर प्रसाद ठेवला होता, केळं आणि गूळ कुस्करून केलेला. 'साखरवाल्यांनी खायचा नाही हां, नुसता हातात घ्या, कपाळाला लावा, शेजाऱ्याला द्या.' केवढी काळजी, असं लोक म्हणाले होते. प्रसादाचा हात कुणी धूत नाही, केसांना पुसतात. तोच हात मंचावर पहिल्यांदा टोचला गेला. मग सिरका. मग 'हस्तशुद्धी' म्हणून तांब्याच्या घंगाळात हात स्वच्छ धुऊन, कोरडे करून, दुसऱ्यांदा टोचलं.

बुधवारी संध्याकाळी पंगत उठल्यावर सरांनी आप्पांचं मशीन मागून घेतलं. बॅचमधली पाच-सहा माणसं जेवायला होती. त्यांच्यापुढे सरांनी साबणानं हात धुऊन बोट टोचलं. सत्त्याण्णव. मग केळं-गूळ हातात कुस्करला, केसांना पुसला, पुन्हा टोचलं. दोनशे शहाऐंशी.

"बघा. मी एक घास खाल्ला नाही. ही साखर रक्तातली नाही, कातडीवरची आहे."

हात धुतला. अठ्ठ्याण्णव.

"आणि सिरक्याचा थेंब पण घेतला नाही."

त्यांच्यातला रेणापूरचा बसवंत म्हणाला, "म्हंजे गुरुजींनी हात धुवायला सांगितलं ते बरोबरच की."

"अहो, आधी हात कुणी माखायला लावला?"

"प्रसादाला काय बोलायलात सर. तुमाला त्यातलं कळत न्हाई, जाऊ द्या."

सरांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि आप्पांकडे वळले. "तुम्ही हात धुवा. एकदाच."

आप्पांनी भिंतीकडे बघत बोट पुढं केलं. मशीनवर आकडा आला नाही. 'HI' ही दोन इंग्रजी अक्षरं आली: साखर इतकी की मशीनला मोजता येत नाही.

"बिघडलं जणू," आप्पा म्हणाले.

"आत्ता माझं बरोबर मोजलं ना त्यानं? आप्पा, वजन सिरक्यानं उतरलेलं नाही. इन्सुलिन नाही म्हणून खाल्लेलं अंगी लागत नाही. साखर लघवीवाटे चाललीय, अंग झडतंय. चला, रिक्षा बोलावतो."

"चाळीस दिवस होऊ द्या सर. मग तुमी म्हणाल तिथं येतो."

"वहिनी, तुम्ही तरी सांगा."

कस्तुराबाईंनी ताटं गोळा करता करता मान वर केली नाही. "किती वर्सांनी हसायलेत ते. मी कशी टोचू?"

सरांनी ओळखीच्या डॉक्टरला फोन लावून दिला. आप्पांनी 'हाव, हाव' करून ठेवून दिला.

इथे थांबून एवढंच सांगायचं आहे. आकडा दाखवणाऱ्याला विचारा, मोजायच्या आधी हात कुठे होता. मोजू नका असं सांगणाऱ्यापासून दूर राहा. इन्सुलिन बंद करायचं की नाही हे डॉक्टरला विचारा, मंचाला नाही. हे जलीलसरांनी त्या संध्याकाळी सगळं सांगितलं होतं. काहींना ते पटलंही होतं. आप्पांना दवाखान्यात न्यायला उठलं कुणीच नाही.

शुक्रवारी पहाटे आप्पा धापा टाकू लागले, हाकेला ओ देईनात. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, रक्तात आम्ल साठलंय.

"आंबट झालंय म्हंजे सिरका जास्ती झाला असंल का सर?" कस्तुराबाईंनी विचारलं. "मी कालपासून दोन पेले देत होते."

"सिरक्यानं नाही वहिनी. इन्सुलिन बंद झाल्यानं."



दुपारी सर गुरुजींविरुद्ध तक्रार द्यायला पोलीस ठाण्यात गेले. हवालदारानं ऐकून घेतलं, चहा पाजला. "पेशंट तुमचा कोण? घरच्यांनी यायला पायजे." सर परत आले. कस्तुराबाईंनी नकार दिला नाही, होकारही दिला नाही. "त्यांना इचारल्याबिगर कसं लिहून देऊ? जागे झाले की इचारते."

रविवारी सकाळी त्याच मंगल कार्यालयात नवी बॅच बसली. सोमवारी संध्याकाळपर्यंत तक्रार झालेली नव्हती आणि गुरुपादप्पा शुद्धीवर आलेले नव्हते.