उजवा, नाहीतर डावा

तिने प्रश्न टाकायचा अवकाश, नववीच्या अख्ख्या वर्गाचे हात वर गेले.

"लोक राहतं ठिकाण सोडून दुसरीकडे का जातात?"

मागच्या बाकावर बसलेल्या परीक्षकांनी ते सगळे हात पाहिले आणि खूश होऊन पुन्हा लिहायला लागले. शिकाऊ शिक्षिकेचा हा परीक्षेचा पाठ होता. ही हातांची करामत मात्र वर्गशिक्षिकेची, म्हणजे तिच्या सख्ख्या नणंदेची. वन्संनी कालच पोरांना पढवून ठेवलं होतं: हात सगळ्यांनी वर करायचा, उत्तर येत असेल तर उजवा, नसेल तर डावा.

"असलं काही नको हो, वन्सं," ती म्हणाली होती.

"गप्प बस गं! मागच्या वर्षी वर्ग तोंडाला कुलूप लावून बसला होता, तेव्हा काय झालं?"

झालं काय, ती नापास झाली. आता पुन्हा आपटली, तर मुकाट्याने सासऱ्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसायचं, हे घरात ठरूनच गेलं होतं. हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवायचं तिचं खूळ तिथेच संपणार होतं.

तिने एक उजवा हात निवडला. "नोकरीसाठी!" मग दुसरा. "शिक्षणासाठी!" दाराशी उभ्या वन्संचा चेहरा खुलला.

उत्तरं झाली, हात खाली आले. पहिल्या बाकावरच्या एका मुलीचा डावा हात मात्र तसाच वर. शिक्षिकेने नजर चुकवली. हात काही खाली येईना.

"अहो, त्या मुलीला विचारा ना," परीक्षक म्हणाले. "बिचारी कधीची हात वर करून बसलीये."

मेले! आता ही 'येत नाही' म्हणणार आणि बिंग फुटणार. दारातून वन्संनी डोळे वटारले, कुणावर ते देव जाणे.

"बोल, बाळ."

"बाई, मला उत्तर येत नाही." मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. "आम्हीपण घर सोडून आलोय. का, ते आई सांगतच नाही. विचारलं की रडते. म्हणून तुम्हाला विचारायचं होतं."

फळ्यावर कारणं ओळीने लिहिलेली होती. त्यातलं एखादं त्या पोरीला देऊन 'बस खाली' म्हटलं असतं, तर पाठ सहज पार पडला असता. शिक्षिकेने हातातला खडू टेबलावर ठेवून दिला.

"मलाही माहीत नाही गं," ती म्हणाली. मग वर्गाकडे वळली. "आणखी कुणाला असं घर सोडावं लागलंय? हात वर करा."

पोरं गोंधळून वन्संकडे बघायला लागली. यासाठी कुठला हात, ते कुणी सांगितलंच नव्हतं.

"कुठलाही चालेल. उजवा-डावा आता बंद."

परीक्षकांचं पेन थांबलं. वन्संनी कपाळाला हात लावला.

मग खिडकीजवळच्या मुलाने हात अर्धवट वर केला, मागोमाग आणखी दोघींनी. शिक्षिका पहिल्या बाकावरच्या त्या मुलीशेजारी, बाकाच्या कडेवर टेकली.

"सांग," ती मुलाला म्हणाली.

तो उठून उभा राहिला. "बाई, पण हे परीक्षेत नाही ना येणार?"

"नाही येणार. तू सांग."