अजून थोडी हवा

स्प्रिंग पकडीतून निसटली, फोरमनच्या कानाजवळून गेली आणि कुंपणाच्या पत्र्यावर आपटून गवतात कुठंतरी पडली. फोरमननी डोळे मिटले. तोंडात आलेला शब्द त्यांनी गिळला, कारण शेजारी व्याही बसले होते.

"मी बघतो," व्याही म्हणाले आणि गुडघ्यांवर रांगत गवतात शिरले.

व्याह्यांची रोपवाटिका होती. तण दिसलं की ते उपटल्याशिवाय त्यांच्या हाताला चैन पडत नसे. त्यामुळं स्प्रिंग सापडेपर्यंत कुंपणाचा तो कोपरा साफ झाला, आणि उपटलेल्या तणाची एक नीटस जुडी पत्र्याला टेकून उभी राहिली. मग त्यांनी स्प्रिंग धोतराच्या नव्हे, खास आणलेल्या रुमालाच्या टोकानं पुसली आणि दोन्ही हातांनी पुढं केली.

"आपण कशाला त्रास घेतलात," फोरमन म्हणाले. बसडेपोच्या वर्कशॉपमध्ये उभी हयात गेलेल्या माणसाला हे वाक्य दातांमधून बाहेर काढताना घाम फुटतो, हे व्याह्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांना वाटलं, ऊन आहे.

ट्रक व्याह्यांचा होता. माती, शेणखत आणि रोपं वाहून वाहून त्याचा मूळ रंग कोणता हे आता सांगता आलं नसतं. हौद्याच्या एका फटीत कसलंसं रोप स्वतःहून उगवलं होतं आणि व्याही त्याला पाणी घालत. सकाळी हा ट्रक फाटकातून आत आला तो थांबेचना. व्याह्यांनी पेडल भराभरा मारलं, ट्रकनं थोडा विचार केला आणि शेवटी भिंतीला नाक लावून तो उभा राहिला. फोरमन बनियनवरच बाहेर आले. त्यांनी वाकून मागच्या चाकाच्या आतली बाजू बघितली, ओघळलेल्या ब्रेक ऑइलला बोट लावलं आणि बोटाचा वास घेतला.

"ही गाडी अशी निघणार नाही," ते म्हणाले.

या सगळ्या प्रकरणात फोरमन बोललेलं हे पहिलं वाक्य, आणि तेही ब्रेकबद्दल.

प्रकरण असं की ट्रक सूनबाईंचं सामान न्यायला आला होता. चिरंजीव आणि सूनबाई वेगळे होणार होते. भांडण नव्हतं. भांडण असतं तर फोरमनना निदान मध्ये पडता आलं असतं. दोघांनी समोरासमोर बसून, एकमेकांचं म्हणणं पुरतं ऐकून घेऊन, शांतपणे हे ठरवलं होतं. लग्न झाल्यापासून त्यांचं इतकं एकमत दुसऱ्या कशावरच झालं नव्हतं. घरातल्या मोठ्यांना विचारलं नव्हतं, कळवलं होतं. चिरंजीव संध्याकाळी कामावरून परतायच्या आत गाडी निघावी, हेही समजुतीनंच ठरलं होतं. समोर आली की माणसं उगाच काहीतरी बोलून बसतात.

फोरमनना या समजूतदारपणाचा इतका संताप आला होता की ब्रेक खोलायला मिळाले हे बरंच झालं. जायचंच असेल तर जा एकदाचे, पण थांबता येईल अशा गाडीतून जा, असं म्हणत त्यांनी जॅक लावला. म्हणाले ते जॅकला.

फोरमनचा एक नियम होता. ब्रेक खोलायचे तर एका वेळी एकच चाक. दुसरं जोडलेलंच ठेवायचं, म्हणजे जोडताना अडलं की त्यात डोकावून बघता येतं. डेपोत हा नियम मोडणाऱ्याचं काय होई ते तिथली जुनी माणसं अजून सांगतात. आज त्यांनी एक बाजू खोलली, गळका सिलिंडर बाहेर काढला, नवीन आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेले आणि परत येऊन बघतात तर दुसरी बाजूही खोललेली.

"आपण एकट्यानं किती करणार," व्याही म्हणाले, "म्हणून हे मी उरकून ठेवलं."

एवढंच नाही. दोन्ही चाकांचे सगळे भाग त्यांनी धुऊन, पुसून एका पोत्यावर मांडले होते. उजव्या चाकाचे कुठले आणि डाव्याचे कुठले याला काही अर्थ उरला नव्हता. मांडणी उंचीनुसार होती, लहान पुढं, मोठे मागं, मध्ये सारखं अंतर. रोपं लावतात तशी. पाहून कुणालाही प्रसन्न वाटलं असतं.

फोरमननी हातातला नवा सिलिंडर पोत्याच्या कडेला ठेवला.

"छान मांडलंय," ते म्हणाले.

दुसरा कुणी असता तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. पण व्याह्यांना बोलायचं कसं? मुलाच्या बापानं मुलीच्या बापाशी 'अहो-जाहो'च्या खाली यायचं नाही, हे दोघांच्याही अंगात भिनलेलं. लग्नाच्या दिवशी हे दोघे दारात 'आपण आधी, आपण आधी' करत उभे राहिले होते आणि मागं वऱ्हाड खोळंबलं होतं. तेव्हापासून त्यांच्यात झालेलं सगळं बोलणं दारातल्यासारखंच होतं. आतवर कुणीच गेलं नव्हतं.

तर मग सगळं आठवून आठवून जोडणं आलं. आखूड लायनरचा ब्रेक-शू पुढं, लांब लायनरचा मागं. फोरमन हे झोपेतही सांगू शकले असते. पण शेजारी एक माणूस प्रत्येक भाग रुमालात धरून 'हा घ्यावा का आपण?' असं विचारत असला की झोपेतल्या गोष्टी जागेपणी आठवत नाहीत. एका बाजूला अ‍ॅडजस्टर उलटा बसला. ड्रम वर चढेना. पुन्हा खोललं. तेव्हाच ती स्प्रिंग उडाली होती.

घरातूनही काही वेगळं ऐकू येत नव्हतं. खोक्यांना चिकटपट्टी लागत होती, चर्र, आणि थोड्या वेळानं तीच निघत होती, चर्र. फोरमनच्या पत्नी कुकर खोक्यात घालत होत्या. सूनबाई तो बाहेर काढून ओट्यावर ठेवत होती. दोघीही एकमेकींना अडाणी समजल्यासारख्या हळू आवाजात समजावत होत्या.

दुपार कलली तेव्हा दोन्ही ड्रम बसले. आता राहिलं हवा काढणं. ब्रेक ऑइलचा पाइप उघडा राहिला की त्यात हवा शिरते, आणि हवा असेल तर पेडल उशीसारखं खाली जातं. ती काढायला दोन माणसं लागतात. एकानं केबिनमध्ये बसून पेडल दाबून धरायचं. दुसऱ्यानं खाली चाकापाशी निपल, म्हणजे हवा सोडायचा छोटा स्क्रू, सैल करायचं, नळीतून तेलाबरोबर बुडबुडे बाटलीत येऊ द्यायचे आणि निपल आवळायचं. आवळल्यावरच वरच्यानं पाय उचलायचा. आधी उचलला तर निघालेली हवा परत आत. डेपोत या कामाला तीन शब्द लागत: दाब, धर, सोड. चौथा लागलाच तर तो दाबणाऱ्याच्या वडिलांबद्दल असे.

फोरमन ट्रकखाली पाठीवर सरकले. लांबच्या चाकापासून सुरुवात करायची.

"आता दाबायला हरकत नाही," ते खालून म्हणाले.

"दाबू का?"

"आपल्या सवडीनं."

व्याह्यांनी दाबलं. फोरमननी निपल सैल केलं. बुडबुड्यांची रांग नळीतून पळाली आणि वर पेडल खाली गेलं. पेडल खाली गेलं म्हणताच व्याह्यांनी पाय उचलला, कारण आपल्या पायाखाली परक्याचं काही मोडलंय अशी त्यांना शंका आली. ट्रक स्वतःचा आहे हे त्या क्षणी त्यांच्या ध्यानात नव्हतं. बुडबुड्यांची रांग तशीच वळली आणि आत गेली.

फोरमननी समजावून सांगितलं. धरून ठेवलंत तर बरं होईल. व्याही हो म्हणाले. पुढच्या खेपेला फोरमन 'आता आपण पाय उचलला तर' इथपर्यंत आले होते आणि 'चालणार नाही' यायचं होतं, तेवढ्यात पाय उचलला गेला. त्याच्या पुढच्या खेपेला व्याह्यांनी खिडकीतून वाकून 'बरोबर होतंय ना?' असं विचारलं, आणि वाकताना पाय निघाला. बाटलीतलं तेल फेसाळलं होतं. फोरमनच्या कोपरापर्यंत ओघळ आले होते, एक थेंब भुवईवर पडला होता. तो पुसायला हात मोकळा नव्हता.

पुन्हा पेडल दाबलं गेलं. पुन्हा वर सीट करकरली, म्हणजे वजन हललं.

"सोडू नको," फोरमन म्हणाले. "धर म्हटलं ना. मी सांगेपर्यंत धर."

आवाज मोठा नव्हता. पण डेपोचा होता.

सीट करकरायची थांबली. घरातली चिकटपट्टीही थांबल्यासारखी वाटली. फोरमननी निपल आवळलं. काय बोलून बसलो हे त्यांना पाना हातात फिरत असतानाच कळलं. 'माफ करावं' या शब्दांची जुळवाजुळव ते ट्रकखाली पडल्या पडल्या करू लागले.

"धरलंय," वरून आवाज आला. मग थोडं थांबून, "आधीच असं सांगायचं की रे. मला काय कळतंय यातलं."

फोरमननी भुवईवरचा थेंब खांद्याला पुसला.

"सोड," ते म्हणाले.

त्यानंतर काम भराभर झालं. दाब. दाबलं. धर. धरलंय. सोड. लांबचं चाक संपलं, जवळचं घेतलं. मध्ये एकदा व्याह्यांनी वरूनच विचारलं, तुझी कंबर दुखत नाही का रे खाली? दुखतेय, फोरमन म्हणाले, तुला काय वाटलं? मग पोरांचंही थोडं बोलणं झालं. पोरगी लहानपणी रुसली की बोलायची नाही, नुसती समजूतदार व्हायची, असं व्याही म्हणाले. आमचा गाढव तर जन्मतःच समजूतदार, फोरमन म्हणाले. लहानपणी दोन थोबाडीत द्यायची संधीसुद्धा दिली नाही त्यानं. दोघे हसले. एक वर, एक खाली. हसताना एकमेकांचं तोंड दिसत नव्हतं, ते बरं होतं.

मग बुडबुडे विरळ झाले. मग एक आला. मग नळीतून नुसतं तेल आलं, स्वच्छ, मधासारखं.

"दगडासारखं लागतंय आता," व्याही म्हणाले. "खाली जातच नाही."

फोरमननी निपल आवळलं, पण पाना निपलवरच राहू दिला.

सूनबाई पायरी उतरून आली. हातांना खोक्यांची धूळ होती. तिनं ट्रकच्या कडेला उकिडवं बसून खाली डोकावलं.

"बाबा, आमचं भरून झालं. तुमचं झालं का?"

फोरमनचा तेलकट पंजा बाटलीभोवती गेला आणि तिथंच राहिला. बाटली दिसेनाशी झाली.

"अजून थोडी हवा आहे," ते म्हणाले.

ती उठली. केबिनच्या खिडकीपाशी गेली.

"किती वेळ लागेल, अण्णा? तो यायच्या आत निघायचंय."

व्याही दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर भिंतीकडं बघत बसले होते. ट्रकचं नाक त्या भिंतीला टेकलेलंच होतं, बघण्यासारखं तिथं काही नव्हतं.

"पाय खाली जातोय अजून," ते म्हणाले. "असं कसं निघणार?"

सूनबाईनं वडिलांच्या पायाकडं पाहिलं. मग ट्रकखालून बाहेर आलेल्या दोन चपलांकडं पाहिलं. फाटकाकडं एकदा नजर टाकून ती पदराला हात पुसत उभी राहिली.

"मग चहा ठेवते," ती म्हणाली. "खोकं उघडावं लागेल. पातेलं खाली गेलंय."

ती आत गेली. खालून फोरमन म्हणाले, "दाब."

"दाबतोय."

"धर."

घरात चिकटपट्टी निघाल्याचा आवाज आला, लांबलचक. मग भांडी एकेक करून बाहेर ठेवल्याचा. फाटकाची कडी वाजायला अजून वेळ होता.

"सोड," फोरमन म्हणाले, "सावकाश."