न दुखणारे पाय

दिग्रसच्या डॉ. प्रेरणा गावंडे यांच्याकडे बाजाराच्या दिवशी शंभरावर पेशंट येत. माणशी दोन मिनिटं. साखर बघायची, गोळी वाढवायची, पुढचा. आपल्याकडे दवाखाने असेच चालतात, कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

त्या दुपारी दारापासून टेबलापर्यंत फरशीवर लाल पावलं उमटलेली त्यांना दिसली. फक्त उजव्या पायाची. ती जिथं संपत होती तिथं तांड्यावरची सुखीबाई हसत बसली होती. तिच्या तळव्यात काचेचा तुकडा खोल रुतला होता.

"दुखत नाही?"

"कायले दुखन? पाय कवाचेच गेले," सुखीबाई म्हणाली. "मले वाटलं, तुमाले ठाऊक असन."

प्रेरणाबाईंनी आधी काच काढली. त्यांनी तिचे सहा वर्षांचे कागद काढले. अक्षर त्यांचंच. दर वेळी फक्त गोळी वाढलेली. ती खाते काय, झोपते किती, पाय कसे आहेत, याची एक ओळ नव्हती.

जखम बांधता बांधता जुनी नर्स जमनाबाई म्हणाली, "मॅडम, सहा वर्सं आपण तिच्या रक्ताले इचारलं. तिले काहीच नाही इचारलं."

बाहेर एवढी माणसं, वेळ कुठून आणू, असं प्रेरणाबाई चिडून म्हणाल्या.

"बोट कापाची पाळी आली का वेळ भेटतेच ना?" जमनाबाई शांतपणे म्हणाली. आणि जखम चिघळून आठवड्याभरात यवतमाळला सुखीबाईच्या पायाचं बोट खरंच कापावं लागलं.

रविवारी भर दुपारी प्रेरणाबाई आणि जमनाबाई तांड्यावर गेल्या. ओट्यावर म्हातारा धावजी पाय सोडून बसला होता. तो चहाचा आग्रह करत होता, आणि एक कोंबडी त्याच्या अंगठ्याला चोची मारत होती. रक्त आलं, तरी त्याचं बोलणं थांबलं नाही. शेजारी बसलेल्यांपैकीही कुणी दचकलं नाही. घरोघरी तेच होतं. भूक मारायला दिवसातून सात वेळा गोड चहा, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, रात्री उशिरापर्यंत मोबाइल. साखरेनं पाय गुपचूप मरत होते आणि सगळे त्याला वय म्हणत होते.

सोमवारपासून प्रेरणाबाई आधी पाय उघडे करून बघू लागल्या. ताट, झोप, चालणं, खर्रा, सगळं विचारू लागल्या आणि गोळ्यांच्याच कागदावर त्याचाही इलाज लिहू लागल्या. "गोळी द्या, कीर्तन कायले?" म्हणून काहीजण दुसरीकडे गेले. धावजीनं खर्रा दोनदा सोडला, दोनदा धरला. पण पुष्कळांची साखर उतरली.

सुखीबाईच्या पायांची जाणीव परत आली नाही. ती आता झाडूची काडी घेऊन तांडाभर फिरते, लोकांना डोळे मिटायला लावते आणि तळव्यांना काडी लावते. एकदा तिनं तिशीतल्या खेमसिंगला विचारलं, "कळते का?"

"लाव तर आधी," तो डोळे मिटून हसला.

काडी त्याच्या तळव्यावर केव्हाची वाकलेली होती. सुखीबाईनं त्याचा हात धरला आणि त्याच पावली त्याला दवाखान्यात आणलं.

मंडळी, गोळी हवीच. पण रोग आपल्या ताटात, झोपेत, सवयींत राहतो. डॉक्टरांनी तिथवर विचारलं पाहिजे, आणि त्यांनी नाही विचारलं तर आपण सांगितलं पाहिजे. दुखेपर्यंत वाट पाहू नका. काही रोग दुखतच नाहीत!