बॅनरवरची बाई

सान हासिन्तो गावाच्या चौकात प्रोग्रेसो नावाची टॉकीज होती. तिच्या दर्शनी भिंतीवर लागणारे बॅनर बावीस वर्षं मी रंगवले. सिनेमाच्या डब्यांबरोबर दर मंगळवारी बसने छापील पोस्टर यायचं. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखून तेच चित्र मी सहा मीटर कापडावर चढवायचो. मात्र जसंच्या तसं कधीच नाही. जसंच्या तसं काढलं की लोक बघतात आणि पुढे जातात.

आमच्याकडे चालायचे ते मारामारीचे, खुनाचे, सीमेवरच्या तस्करांचे सिनेमे. प्रेमकथा लावली की खुर्च्यांवर कबुतरं बसायची. म्हणून पिस्तूल मी नेहमी हाताला न शोभेल एवढं मोठं काढायचो आणि नळीचं तोंड सरळ रस्त्याकडे ठेवायचो. तुम्ही न्हाव्याच्या दुकानापाशी उभे राहा की चर्चच्या पायरीवर, ते तुमच्यावरच रोखलेलं. रक्त मधोमध नको, कोपऱ्यात हवं. माणूस ते शोधत पुढे येतो. आणि अगदी खाली, नायकाच्या बुटांपाशी, एक बाई. नजर सगळीकडे भटकून शेवटी तिथे उतरते आणि बसकण मारते. तोवर माणूस तिकीटखिडकीपाशी पोचलेला असतो. मालक सेन्योर बासिलियो म्हणायचे, "चेंचो, सिनेमा भिकार निघाला तर शिव्या दिग्दर्शकाला. थेटर रिकामं राहिलं तर शिव्या तुला."

मला त्या कामाचा अभिमान होता. खोटं कशाला बोलू?

टॉकीजच्या बरोब्बर समोर, कमानींच्या सावलीत दोमितिला तामाले, म्हणजे मक्याच्या पानात उकडलेले पिठाचे गोळे, विकायला बसायची. तिच्या मुलीच्या, निएवेसच्या, बाप्तिस्म्याला मी धर्मपिता म्हणून उभा राहिलो होतो. तेव्हापासून ती मला कोम्पाद्रे म्हणायची आणि मी तिला कोमाद्रे. हे नातं आमच्याकडे सख्ख्या भावाबहिणीहून जवळचं मानतात. तिचा नवरा आन्सेल्मो ट्रक चालवायचा. टरबुजं भरून उत्तरेला न्यायची आणि रिकाम्या ट्रकने गाणी म्हणत परत यायचं, हा त्याचा धंदा. या गोष्टीच्या तीन वर्षं आधी एका सकाळी हमरस्त्यावरच्या पंपावर डिझेल भरताना त्याला पाच गोळ्या घातल्या. मारेकरी दुसऱ्याच कुणाच्या ट्रकची वाट बघत होते, एवढंच पुढे कानावर आलं. पकडलं कुणालाच नाही.

वर्षभरात त्याच्यावर गाणं निघालं. अकॉर्डियनवाले गवई असल्या मरणांची गाणी रचतात आणि जत्रांतून म्हणतात. गाण्यात आन्सेल्मो शूर तस्कर झाला होता, कमरेला दोन पिस्तुलं. टरबुजांचं गाणं कोण ऐकणार? दोमितिला तेव्हा हसली होती. "घरात उंदीर निघाला तर हा आधी खुर्चीवर चढायचा, कोम्पाद्रे," असं म्हणाली आणि एप्रनने डोळे पुसत राहिली.

मग सिनेमा आला.

त्या मंगळवारी मालकांनी ऑफिसात पोस्टरची गुंडाळी उलगडली. 'पंपावरचा सौदा.' वर मिशाळ नायक, मागे पेटलेला ट्रक, पंपावर रक्ताचं थारोळं. खाली फाटक्या लाल झग्यातली बाई, तिच्या कानाला फोन. आणि तिच्या पायाशी ठसठशीत अक्षरं: 'खबर कुणी दिली? जी त्याच्या उशाशी झोपायची, तिनेच!'

"मालक, हा आन्सेल्मोचा सिनेमा आहे."

"नाव वाच. आर्नुल्फो आहे."

"पंप तोच, ट्रक तोच, गोळ्या पाचच. आणि बायकोने खबर दिली म्हणे! असं कुठे झालंय?"

"सिनेमा आहे रे. त्यात काहीतरी व्हायला नको?" माझा चेहरा बघून त्यांनी आवाज खाली आणला. "हे बघ, मी नाही लावला तर शेजारच्या गावचा लावेल आणि आपली माणसं बस करून तिकडे जातील. तुला जमत नसेल तर मी दुसरा पेंटर बोलावतो. तो ही बाई कशी काढेल, तूच विचार कर."

तेवढंच वाक्य मी धरून बसलो. दुसऱ्याने काढण्यापेक्षा आपण काढलेली बरी. दोन दिवस मी त्या कापडासमोर होतो. झगा गळ्यापर्यंत चढवला, फाटका होता तो सांधला. तोंड थोडं पलीकडे वळवलं. दोमितिलाचे केस कोळशासारखे काळे, म्हणून बाईचे केस पिवळेधमक केले. फक्त अक्षरांना हात लावायचा नाही, असा मालकांचा हुकूम होता.

गुरुवारी सकाळी दोरांनी बॅनर वर चढवला. समोर दोमितिला तामालेंच्या पातेल्यावरचं फडकं काढत होती. वाफ विरली तशी तिने वर पाहिलं. मी रस्ता ओलांडून तिच्याकडे गेलो.

"कोम्पाद्रे, तिथे काय लिहिलंय?"

तिला वाचता येत होतं. माझ्या तोंडून ऐकायचं होतं तिला.

"सिनेमा आहे, कोमाद्रे. नावं वेगळी आहेत. रविवारी जाईल."

"ही बाई कोण?"

"कुणी नटी आहे राजधानीची."

"मग तुम्ही घाबरलात कशाला?" एवढंच बोलून ती मिरचीची चटणी वाट्यांत भरायला लागली.

दुपारपर्यंत चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. वाड्यावस्त्यांवरून, शेतांवरून माणसं आली. आधी बॅनरसमोर उभी राहायची, मग मागे वळून कमानीखाली बघायची. न्हाव्याच्या दुकानात मी दाढी करायला गेलो तेव्हा आत चर्चा रंगली होती.

"चेंचोने केस पिवळे का केले सांग."

"का?"

"छापील पोस्टर टॉकीजच्या काचेत लावलंय, जाऊन बघ. त्यात काळे आहेत. चेंचो तिचा कोम्पाद्रे ना? काही नसतंच तर लपवलं कशाला असतं?"

मला बघून सगळे गप्प झाले. न्हाव्याने माझ्या गालाला साबण लावला. मी ओरडायला हवं होतं. फेस तोंडात जाईल म्हणून मी ओठ मिटून बसलो.

दोमितिलाचे तामाले दहा वाजताच संपू लागले. एरवी ज्या बायका दुसरीकडून घ्यायच्या, त्या आता तिच्यासमोर रांग लावायच्या. "हिरव्या चटणीचे दोन द्या हो," म्हणायच्या आणि पान हातात घेईपर्यंत तिचं तोंड न्याहाळायच्या. एका तरण्याबांड शेतमजुराने तर सरळच विचारलं, "काय हो ताई, तुम्हीच ना त्या?"

"लाल की हिरवी?" दोमितिला म्हणाली.

"काय?"

"चटणी."

मी तिला म्हटलं, "कोमाद्रे, रविवारपर्यंत घरी राहा."

"घरी राहिले तर म्हणतील तोंड लपवलं. बसले तर म्हणतात निर्लज्ज आहे. तुम्हीच सांगा कुठे जाऊ."

मी तिच्याबरोबर नगरपालिकेत गेलो. तिथला कारकून सज्जन होता. त्याने तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, टाइपरायटरमध्ये कागदही चढवला. मग बोटं थांबवून म्हणाला, "सेन्योरा, तक्रार कुणाविरुद्ध लिहू? त्या बाईचं नाव दोमितिला आहे का?"

"नाही."

"चेहरा तुमचा आहे का?"

"नाही."

"मग तुमचं काय गेलं, असं मला वरून विचारतील." त्याने कागद मशीनमधून हळूच सोडवला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं.

रविवार आला, आणि मालकांनी सिनेमा आणखी एक आठवडा वाढवला. मी त्यांच्याशी भांडलो, अगदी हात जोडले. ते वैतागून म्हणाले, "बरं बाबा, बाई पूस. आता लोकांना चित्र पाठ झालंय, काही बिघडत नाही." सोमवारी मी शिडी लावून त्या बाईवर ज्वाळा रंगवल्या. ट्रकची आग खालपर्यंत आणली. खाली उतरून पाहिलं तर खरंच, बाई कुठेच नव्हती.

दुपारी लोक त्या ज्वाळांकडे बोट दाखवायला लागले. "इथेच होती. येऊन पाया पडली म्हणे बासिलियोच्या, म्हणून पुसली." पूर्वी नुसते बघून जाणारे आता हसून जात.

त्या दिवशी दोमितिलाने पातेलं आवरताना मला हाक मारली. "कोम्पाद्रे, आता माझ्यासाठी काही करू नका. तुम्हाला हात जोडते."

पण खरा घाव दुसऱ्याच बाजूने आला. आन्सेल्मोची आई एदुविहेस बारा वर्षं सुनेबरोबर एका घरात राहत होती. पहिल्या दिवशी हीच म्हातारी बॅनरखाली उभी राहून कमरेवर हात ठेवून ओरडली होती, "माझी सून हिऱ्यासारखी आहे, किडे पडतील तुमच्या जिभेला!" मग कुणीतरी तिला सांगितलं की सिनेमात तुझा मुलगा फार देखणा दिसतो. ती बघायला गेली. दुसऱ्या दिवशी परत गेली. नंतर रोज दुपारच्या खेळाला जाऊ लागली, काळी शाल घेऊन, पहिल्या रांगेत. मी तिला दारात अडवलं.

"एदुविहेसमावशी, तो आन्सेल्मो नाही हो. तो कुणी नट आहे."

"मला काय कळत नाही?" म्हातारी म्हणाली. "पण तो चालतो रे तिथे. बोलतो. आईच्या हातचं जेवायला येतो. घरी भिंतीवरचा फोटो काही बोलत नाही."

 मी दार सोडलं.

दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी निएवेस माझ्याकडे धावत आली. सतरा वर्षांची ती मुलगी, चेहरा पांढराफटक. "धर्मबाबा, घरी चला. आजी आईला काहीतरी विचारतेय."

मी गेलो तेव्हा एदुविहेस चुलीपाशी बसली होती आणि दोमितिला उभी होती, हाताला मक्याचं पीठ तसंच.

"त्या सकाळी तू फोन कुणाला केलास?" म्हातारीचा आवाज अगदी मऊ होता. "सांग मला. मी रागावणार नाही."

"आई, आपल्या घरात फोन कुठे होता? अजूनही नाही."

"सिनेमात आहे."

"तो सिनेमा आहे, आई!"

"मग त्याला कुणी मारलं? कुणीतरी सांगितलं असेलच ना. उगाच कुणी मारतं का माणसाला? टरबुजं नेणाऱ्याला?" म्हातारी रडायला लागली. "तीन वर्षं मला कुणी काही सांगितलं नाही. तिथे सगळं सांगतात."

दोमितिलाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हातारीसमोर गुडघ्यावर बसलो, तिचे हात धरले आणि मला ठाऊक होतं ते सगळं सांगितलं: चुकीचा ट्रक, चुकीचा माणूस, कारण काही नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "बॅनर तूच रंगवलास ना, चेंचो? मग?"

सिनेमा गेला. त्या बॅनरवर पांढरा रंग फासून मी पुढचं चित्र काढलं. दोमितिलाची गर्दी ओसरली. जुनी गिऱ्हाइकं मात्र परत फिरकली नाहीत. घरात सासू बोलेनाशी झाली. ताट समोर ठेवलं तर जेवायची, पण आधी दोमितिला त्यातला घास खाते का, हे बघायची.

एक दिवस एदुविहेस टॉकीजच्या मागच्या दाराशी आली आणि काचेतलं छापील पोस्टर मागू लागली. टाकूनच द्यायचं होतं. तिने नाव घेतलं ते आन्सेल्मोचं, आणि मला नाही म्हणवलं नाही. मी ते गुंडाळून दिलं.

चार दिवसांनी दोमितिला पातेलं, दोन पिशव्या आणि निएवेसला घेऊन बस स्टँडवर आली. तिची बहीण तोर्रेऑन शहरात राहत होती. मला निएवेसने कळवलं म्हणून मी पोचलो.

"सासूबाईंनी आन्सेल्मोचा फोटो खाली उतरवला," दोमितिला म्हणाली. "लग्नातला. त्या जागी ते पोस्टर लावलंय. खालची बाई कात्रीने कापून टाकलीय. पुढे मेणबत्ती लावतात आणि त्या नटाला म्हणतात, बाळा, जेवलास का? मी काय करायचं, कोम्पाद्रे? मेणबत्ती विझवू?"

पोस्टर कुणी दिलं, हे तिने विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

"तो फोटो?" मी विचारलं.

तिने पिशवीवर हात ठेवला. बस लागली. मी पातेलं टपावर चढवायला मदत केली, दोर दोनदा आवळला. निएवेसने माझा हात कपाळाला लावला. दोमितिलाने खिडकीतून मान हलवली, जशी ती रोज सकाळी कमानीखालून हलवायची, आणि बस धूळ उडवत निघाली.

एदुविहेसला आता मीच दुपारचं जेवण नेऊन देतो. दुसरं कोण आहे? ती ताटातला एक घास मला आधी खायला लावते. मी खातो.