करडईच्या तेलातला पाटा

मी मोटार बोलतेय. मला मोडीत न्यायला आलात ना? बसा निवांत. जल्दी काही सांगणं आता माझ्याच्यानं होत नाही. वडीगोद्रीच्या या कडुनिंबाखाली उभी राहून दम गेलाय.

निजामाच्या राज्यात, १९२९ साली, भुजंगरावांनी मला जालन्याहून आणलं. तेव्हा काय तो तोरा माझा. बायका माझ्या दिव्यांना हळदकुंकू लावायच्या. भुजंगराव मात्र मला बैलासारखं हाकायचे. शेजारी बसलेल्या जयवंताबाई, त्यांची बायको, म्हणायच्या, "अहो, हळू घ्या." ते ऐकतील तर शपथ.

एकदा गावाबाहेरच्या ओढ्यात त्यांनी मला तशीच दामटली. खडकावर आदळून माझी पुढची चौकट वाकली आणि डावा पाटा, म्हणजे हादरे सोसणारी पोलादी पट्टी, मोडला. जयवंताबाईंचा मणकाही गेला. त्या बाजेवर पडल्या, मी झाडाखाली. तीन वर्षं कोंबड्यांनी माझ्या गादीवर अंडी घातली आणि भुजंगराव मान खाली घालून माझ्या बाजूनं जात राहिले. राग यायचा मला त्यांचा, कीवही यायची.

मग धावड्याहून निरोप आला. जयवंताबाईंची आई आसराबाई अंथरुणाला खिळली होती, लेकीला एकदा बघू द्या म्हणत होती. बैलगाडीचे तीन मुक्काम त्या मणक्याला सोसणारे नव्हते. राहिले मीच.

भुजंगरावांनी रायभान लोहाराला बोलावलं. मला मागून साखळीनं झाडाला बांधलं, वाकडी चौकट कोळशावर लाल केली आणि पुढून बैल जुंपून ओढली. हाडन्‌हाड निखळलं माझं. चौकटीच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरपी सुतळी धरून रायभाननं माप घेतलं. "बराबर झाली, मालक."

पाट्याशी मात्र तो चुकला. जन्मभर नांगराचे फाळ केलेला माणूस. नवा पाटा लालभडक करून फाळासारखाच थंड पाण्यात बुडवला. माझ्या अंगाला बसवला, भुजंगराव आत बसले, आणि पाटा कडकन तुटला.

रायभाननं तुटका पाटा हातात घेतला. "चुकलं मालक. फाळ कडक लागतो, ह्यो लवला पाहिजे. तेलात विझवावा लागंल. डबाभर तेल लागंल."

घरात करडईचं तेल होतं, वर्षाचा एकच डबा. पण जिचा मणका आपण मोडला तिच्याकडं मागायचं कुठल्या तोंडानं? भुजंगराव दारापर्यंत जाऊन परत फिरले.

बाजेवरून आवाज आला, "न्या की डबा. फोडणीबिगर राहीन मी. आईला बघितल्याबिगर न्हाई राहणार."

तीन वर्षांत जयवंताबाई नवऱ्याशी एवढं कधी बोलल्या नव्हत्या.

पाटा तेलात विझला. आम्ही निघालो. ओढ्यापाशी येताच भुजंगरावांनी वेग कमी केला. त्यांनी मला थांबवलं. "गावातून माणसं आणून तुला बाजेवरून पलीकडं नेऊ का?"

"घ्या तशीच," जयवंताबाई म्हणाल्या, "निस्ती हळू घ्या."

त्यांनी हळू घेतली. पाटा दबला, उठला. त्यांच्या मणक्याला हादरा बसला नाही. धावड्यात मायलेकींची भेट झाली.

आता १९४८ उजाडलंय. पेट्रोल मिळत नाही, मीही थकलेय. पण दिवस कलला की भुजंगराव जयवंताबाईंना उचलून माझ्या गादीवर बसवतात. बाजेपेक्षा इथं पाठ कमी दुखते म्हणे. शेजारी चाक धरून स्वतः बसतात आणि विचारतात, "कुठं जायचं?"

"धावड्याला," त्या म्हणतात. "हळू घ्या."

मला मोडीत काढायचं असेल तर काढा. पण एवढं यांचं बोलून होऊ द्या.