कुशच्या मोटरचं झाकण

खोक्यात सहा वस्तू होत्या. अ‍ॅल्युमिनिअमची चोपन्न मिलिमीटर व्यासाची एक नळी, मागचं झाकण एक, जळता वायू बाहेर पडायचं ग्रॅफाइटचं तोंड, म्हणजे नॉझल, एक आणि रबरी कड्या तीन. पुढचं झाकण नव्हतं.

सुलेखाकाकूंनी डायनिंग टेबलावर टॉवेल अंथरून खोकं त्यावर ठेवलं होतं. "त्याच्या खोलीत एवढंच सापडलं," त्या म्हणाल्या. "चालेल ना एवढ्यावर?"

कुश त्यांचा मुलगा, एकोणीस वर्षांचा. ऑक्टोबरमध्ये कॉलेजहून नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीला घरी येताना हायवेवर अपघातात गेला. मी नागपूरहून इथे मटेरियल्स सायन्स शिकायला आले, तेव्हा आमच्या रॉकेट टीममध्ये तो सगळ्यात लहान होता. मराठीत बोललं की इंग्लिशमध्ये उत्तर द्यायचा, पण मला मात्र सगळ्यांसमोर मुद्दाम 'ताई' म्हणायचा. मग अख्खी टीम मला 'ताई' म्हणायला लागली. त्यातल्या अर्ध्या जणांना ते माझं नावच वाटायचं.

रॉकेटच्या या मोटरचं धातूचं अंग पुन्हापुन्हा वापरता येतं. प्रत्येक उड्डाणाआधी आत नवं इंधन भरायचं, ते जळून गेलं की नळी साफ करून ठेवायची. कुशची नळी चारदा उडाली होती. रॉकेट क्लबच्या मे महिन्यातल्या लाँचला ती पाचव्यांदा उडावी, एवढीच काका-काकूंची इच्छा होती. त्यांनी त्याचं एकही उड्डाण पाहिलं नव्हतं. दर वेळी काही ना काही आडवं यायचं.

"नाही मिळालं झाकण तर नवीन सेट घेऊ," चारुदत्तकाका म्हणाले.

"नवीन सेट कुशचा असेल का?" काकू म्हणाल्या. काका चहाचे कप उचलून आत गेले.

मी झाकण शोधायला लागले. ज्या वर्कशॉपने नळी बनवली होती ते बंद पडलं होतं, फोन लागतच नव्हता. दुसऱ्या दुकानदाराने कळवलं की त्यांचे आटे वेगळे आहेत, बसणार नाहीत. तिसऱ्याने माझा मेल वाचलाच नसावा, त्याने मला टी-शर्टचा कॅटलॉग पाठवला. कुणीतरी सांगितलं म्हणून मी ओहायोतल्या एका म्हाताऱ्याला फोन केला. तो पूर्वी या वर्कशॉपचा माल विकायचा.

"चोपन्नचं पुढचं झाकण? थांब हं, ड्रॉवर बघतो," तो म्हणाला. मागे कुत्रं भुंकत होतं. बऱ्याच वेळाने म्हणाला, "एक आहे. तुझ्या नळीच्या आट्यांचा फोटो पाठव, मी जुळवून बघतो. आणि तू कोण, विद्यार्थिनी?"

"होते. आता नोकरी करते. नळी माझ्या मित्राची आहे."

"मग त्याला सांग, झाकणं जपून ठेवत जा."

मी "हो" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्याने आटे जुळतात असं कळवलं आणि झाकणाचा फोटो पाठवला. मी लगेच काकूंना फोन केला. त्या रडायला लागल्या, मग रडता रडताच काकांना ओरडून म्हणाल्या, "अहो, मिळालं! ऐकलंत का, मिळालं!"

फोन ठेवल्यावर मी तो फोटो पुन्हा उघडला. झाकण लाल होतं. त्या वर्कशॉपचा सगळा मालच लाल असायचा. कुशची नळीही लाल होती, मी ती हातात धरलेली होती. टेबलावरच्या टॉवेलवर होती ती चांदीसारखी पांढरी.

मी गाडी काढली आणि कॅरीला गेले.

"काकू, नळी कशाने साफ केली?"

"का गं? नीट नाही झाली?" त्यांनी ती कपाटातून काढली. "किती काळं झालं होतं आतून! घासून निघेना. मग ओव्हनमध्ये ठेवली, सेल्फ-क्लीनवर, सगळ्यात जास्त आचेवर. माझा बिडाचा तवा मी तसाच करते. सगळी काजळी जळून राख होते, पुसलं की लख्ख. बघ ना."

खरोखरच लख्ख होती.

"किती वेळ?"

"तीन तास. तवाही होता सोबत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "वल्लरी, काय झालं?"

खोटं बोलावंसं वाटलं. पण मे महिन्यात त्या नळीच्या आसपास माणसं उभी राहणार होती. मी सांगितलं. हा अ‍ॅल्युमिनिअम मिश्रधातू ठरावीक तापमानाला तापवून कडक केलेला असतो. त्याहून फार जास्त तापला की तो पुन्हा मऊ पडतो. वरचा लाल रंग उडतो, पण धातू दिसायला तसाच राहतो. मोटर पेटली की आतला दाब त्याला सोसवत नाही.

काका दारात उभे होते. "पुन्हा कडक करता येईल ना?"

"करता येतो, काका. पण त्यात नळी खूप तापवून एकदम पाण्यात बुडवावी लागते आणि ती वाकडी होऊ शकते. मग आटे बसणार नाहीत. आणि मी तशी नळी क्लबला उडवू देणार नाही."

"तो म्हणायचा, आई, डोन्ट टच इट," काकू म्हणाल्या. "मी म्हणायचे, हात लावल्याशिवाय घर स्वच्छ होतं का रे."

"अगं, ओव्हन जुना आहे आपला," काका म्हणाले. "केक तरी कुठे धड भाजतो? तापलाच नसेल तेवढा."

तेही शक्य होतं. खात्री करायला एकच मार्ग होता. मी माझ्या जुन्या प्रयोगशाळेत विचारलं, आणि शनिवारी काकू नळी मांडीवर घेऊन माझ्या गाडीत बसल्या. मी म्हटलं, मी एकटी जाऊन येते. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

मशीन एक लहानसा गोळा ठरावीक भाराने धातूवर दाबतं आणि उमटलेला खड्डा मोजून कडकपणाचा आकडा देतं. मी नळीच्या आत आधाराला पोलादी दांडी घातली.

"किती यायला हवं?" काकूंनी विचारलं.

"पंचाण्णवच्या आसपास. नव्वद आलं तरी चालेल."

"आणि नाही चालणार ते?"

"पूर्ण मऊ पडलेला धातू तीस दाखवतो."

त्यांनी कुर्त्याचं टोक मुठीत धरलं. मी तीन ठिकाणी मोजलं, दोन्ही टोकांना आणि मध्ये.

एकतीस. तीस. एकतीस.