बंद पाकीट

ट्रॉलीचा हुक जोडून झाला तशी ह्यांनी हातोडीनं वरची काळी खपली ठोकली. खालून वेल्डिंगचा टाका निघाला, मापून शिवल्यासारखा. ट्रकवाला उकिडवा बसून बघत होता. मी डबा घेऊन वर्कशॉपच्या दारात उभी होते.

"किती वर्षं झाली मिस्त्री, ह्या कामात?"

"अठरा."

"आन् पगार?"

ह्यांनी आकडा सांगितला. ट्रकवाला हसला नाही, तेच मला खुपलं.

"अहो, बंदरावर जहाजं जोडतात तिथं काल शिकलेलाबी ह्याच्याहून जास्त नेतो. तुमच्या हाताला तर चौपट मिळंल. फक्त जुन्या मालकाचं अनुभवाचं पत्र लागतं."

मालक म्हणजे ह्यांचा शाळेच्या बाकावरचा सोबती. वर्कशॉप त्याचं, हात ह्यांचे. पगाराचं काढलं की तो ह्यांच्या खांद्यावर हात टाकायचा. "गड्या, खेड्यात एवढाच भाव. शहरात दोन पैसे जास्त देतात, ते घरभाडंच खातं." आम्ही माना डोलवायचो. आपला माणूस खोटं कशाला बोलेल?

पत्र मागितलं तेव्हा तो गहिवरला. "जा बाबा, तुझं सोनं होवो." दुसऱ्या दिवशी पाकिटाला डिंक लावून, वर शिक्का मारून दिलं. "साहेबाच्याच हातात दे. फोडलेलं चालत नाही."

घरी ह्यांनी ते उजेडाला धरलं. "बघू का गं, काय लिहिलंय?"

"दुसऱ्याच्या नावाचं आहे. नको," मी म्हटलं.

खोटं बोलायचं नाही, दुसऱ्याचं उघडायचं नाही, सूर्य मावळेपर्यंत कडू शब्द काढायचा नाही, हे माझे रोजचे नेम. ह्यांनी निमूट पाकीट माझ्या पोथीत ठेवलं.

बंदरावर वारा खारट होता, ओठांवर बसत होता. साहेबानं आधी दोन पट्ट्या जोडायला दिल्या. ह्यांनी जोडल्या. त्या यंत्रात घालून पार वाकवल्या, तरी टाक्याला चीर नाही. साहेबानं बोट फिरवून पाहिलं, आजूबाजूच्या चौघांना बोलावून दाखवलं. ह्यांचा चेहरा लग्नातल्यासारखा झाला होता.

मग त्यानं पाकीट फोडलं. एकदा वाचलं. पुन्हा वाचलं.

"ह्यात तर लिहिलंय, दोन वर्षं हेल्पर. वेल्डिंग येत नाही."

"दुसऱ्या कुणाचं असंल साहेब."

साहेबानं कागद आमच्याकडे फिरवला. नाव ह्यांचंच. अक्षरही ओळखीचं. ह्याच अक्षरात त्यानं शाळेत ह्यांच्या वहीतली गणितं उतरवून घेतली होती.

"हात अठरा वर्षांचा आहे, मला दिसतंय," साहेब हळू आवाजात म्हणाला. "पण वर कागद जातो, हात नाही जात. नवशिक्याच्या पगारावर घेतो. दोन वर्षांनी मीच पत्र लिहून देईन." त्यानं पगार सांगितला आणि नक्कल ठेवून पत्र परत दिलं.

ह्यांनी पगार पुन्हा विचारला. नवशिक्याचा तो पगार गावातल्या पगाराच्या दीडपट होता.

परतीच्या वाटेवर खिडकीबाहेर नांगरलेली रानं पळत होती. हे म्हणाले, "केसानं गळा कापला गं. पत्राचं एक वेळ सोड. पण खांद्यावर हात टाकून अठरा वर्षं?"

पाकीट मी उघडू दिलं नव्हतं, हे त्यांनी काढलं नाही. काढलं असतं तर बरं वाटलं असतं.

निघायच्या दिवशी उजाडता उजाडता मालक दारात. मागं ट्रॅक्टर, त्याला मोडका नांगर. पेरणी तोंडावर आलेली.

"गड्या, जाता जाता एवढा टाका मार. आणखी तिघं खोळंबलेत. तुझ्याशिवाय हाय कोण मला?"

ह्यांनी पिशवीची गाठ आवळली. "हेल्परचं काम नव्हं ते, मालक. वेल्डर बोलवा."

मालकाचा चेहरा पडला. तरी हसत माझ्याकडे वळला. "वहिनी, तुम्ही तरी समजवा. तुमच्या तोंडून कधी वावगा शब्द नाय ऐकला."

दिवस नुकता वर आला होता. माझा नेम सुरू झालेला. मी आत गेले, पोथीतलं पत्र काढलं आणि आणून त्याच्या हातावर ठेवलं.

"वाचा भाऊजी," मी म्हटलं. "आता उघडंच आहे."